तुर्की अगत्याची ठरलेली वाक्ये

तुर्की संभाषणातल्या साचेबंद उक्ती (प्रसंगागणिक ठरलेली तयार वाक्ये) म्हणजे कोरडा उपचार, असा समज बराच पसरलेला आहे. यजमान ‘होश गेल्दिनिझ’ (छान झाले आलात) म्हणाला, की पाहुण्याने ‘होश बुल्दुक’ (आम्हालाही छान वाटले) म्हणायचेच. आपल्याकडे निघणाऱ्याच्या ‘येतो’ला ‘या’ म्हणतात, तसेच. उत्तरही ठरलेले असेल तर आपुलकी कुठे उरली, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण कोणती उक्ती वापरायची, हे समोरच्या माणसाकडे नीट पाहिल्याशिवाय ठरत नाही: काम करणाऱ्याला ‘कोलाय गेल्सिन’ (काम सोपे जावो), आजाऱ्याला ‘गेच्मिश ओल्सुन’ (दुखणे सरो), रांधणाऱ्याला ‘एलिनिझे सालिक’ (हातांना आरोग्य लाभो). शिवाय, शब्द शोधावे लागत नाहीत म्हणूनच रस्ता झाडणाऱ्या अनोळखी माणसाच्या कष्टांचीही दखल जाता जाता, संकोचाविना घेतली जाते.