ओल्या कापसातली महसीरची अंडी

२०२० च्या अखेरीस महसीरवर प्रेम करणाऱ्यांना सुखावणारी एक बातमी आली. दख्खनच्या नद्यांमधला निळसर परांचा महसीर, म्हणजे टॉर खुद्री, जागतिक लाल यादीतल्या 'संकटग्रस्त' गटातून बाहेर पडून सर्वांत कमी चिंतेच्या गटात आला. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने सुमारे पन्नास वर्षे या माशाचे प्रजनन केंद्र चालवले. बातमीत त्याचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण या कामाचा शास्त्रीय पाया घालणारे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी मराठी वाचकाला जवळजवळ अनोळखीच राहिले आहेत. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालकपद भूषवलेला हा माणूस हाडाचा जीवशास्त्रज्ञ होता.

त्यांची नजर किती तयार होती, हे १९४० च्या एका शोधनिबंधावरून कळते. मुंबई इलाख्यातल्या किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यात त्यांना जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा, आरपार दिसणारा एक मासा सापडला. त्याच्या नराचा गुदपर लांब होऊन त्याचा एक वेगळा अवयवच बनलेला असतो. त्यातून तो शुक्राणूंची काटेरी टोकाची इवलीशी पुडी मादीच्या अंगाला चिकटवतो, आणि मादी फळलेली अंडी घालते. मादीचा उजवा श्रोणिपर तर नाहीसाच झालेला असतो. कुलकर्णींनी या माशासाठी नवे कुळच मांडले आणि सुंदरलाल होरा व सेतना या दोन मत्स्यतज्ज्ञांच्या नावांवरून त्याला होराइक्थिस सेतनाय असे नाव दिले. २००८ मध्ये मत्स्यतज्ज्ञ लिन पॅरेंटी यांनी त्याला ओरायझियास या प्रजातीत हलवले. वर्गीकरणातली जागा बदलली, तरी कुलकर्णींनी टिपलेली या माशाची शरीररचना आजही थक्क करते.

हीच नजर पुढे महसीरकडे वळली. टॉर खुद्रीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी केले. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून ते केले होते, म्हणजे हा मासा शास्त्राच्या दप्तरी आला तोच पुणेकर म्हणून. पण तो अंडी कुठे व कशी घालतो आणि पिल्ले पहिले काही दिवस कशी काढतात, याचा सविस्तर वृत्तांत १९७० च्या सुमारास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. तो कुलकर्णींनी लिहिलेला होता.

या तपशिलांतच महसीरचे सारे दुखणे दडले आहे. रोहू किंवा कटल्याची मादी वजनाच्या किलोमागे लाखांच्या घरात अंडी घालते. ती पाण्यात फुगतात, तरंगत राहतात आणि एका दिवसाच्या आत फुटतात. महसीरची अंडी किलोमागे काही हजारच असतात. पिवळसर, जड, तळाला बसणारी ही अंडी फुटायला तीन दिवसांच्या आसपास लागतात. बाहेर आलेल्या पिल्लाला पोटाखालच्या बलकाच्या ओझ्यामुळे धड पोहताही येत नाही. पुढचे पाच-सहा दिवस ही पिल्ले उजेड टाळून खडे-गोट्यांच्या फटीत डोके खुपसून बसतात आणि शेपटी सतत थरथरवत राहतात.

म्हणजे आठवडाभराहून जास्त काळ महसीरची नवी पिढी नदीच्या तळातल्या खडे-वाळूत असते. तिथे स्वच्छ, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी हवे. गाळ बसला की अंडी गुदमरतात. वाळूउपसा झाला की लपायच्या फटीच उरत नाहीत. धरणातून अवेळी पाणी सुटले की सगळेच वाहून जाते.

पावसाळ्यात पक्व झालेले नर-मादी पकडून लोणावळ्यात जे केले जाई, त्यातले शरीरशास्त्र मला फार आवडते. मादीच्या पोटावर हलका दाब देत अंडी कोरड्या भांड्यात उतरवायची, त्यावर नराचे वीर्य घालायचे, पिसाने अलगद कालवायचे आणि पाणी अगदी शेवटी घालायचे. गोड्या पाण्यातल्या माशाचे शुक्राणू नराच्या शरीरात निश्चल असतात. क्षारांचे प्रमाण कमी असलेले पाणी लागताच ते धावू लागतात. आगपेटीच्या काडीसारखे त्यांचे आयुष्य एकदाच पेटते आणि मिनिटाच्या आसपास संपते. अंड्यातले शुक्राणूंना आत घेणारे सूक्ष्म छिद्रही पाणी लागल्यावर लवकरच मिटते. म्हणून दोघांची भेट आधी आणि पाणी नंतर.

आणि मग तो कापूस! १९७९ मध्ये कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी 'ॲक्वाकल्चर' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात दोन पानांचे टिपण छापले. फळलेली महसीरची अंडी पाण्याशिवाय, ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठवता येतात, हे त्यांनी दाखवले. एक लिटर पाण्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर एक लिटर हवेत त्याच्या तीसपट तरी असतो. अंडे ओले राहिले आणि त्याला हादरे बसले नाहीत, तर हवा त्याला पाण्याहून अधिक श्वास पुरवते. शिवाय डबा हलका होतो. इतक्या साध्या साहित्यात इतके नेमके विज्ञान क्वचितच दिसते.

मात्र याच यशाला पुढे काळी किनार लागली. लोणावळ्याचे मत्स्यबीज १९७० च्या दशकापासून कावेरीत सोडले गेले. तिथे पन्नास किलोंच्या पुढे वाढणारा, पाठीवर उंचवटा असलेला स्थानिक महसीर होता. तो वेगळी जात आहे हे तेव्हा ध्यानात आले नव्हते. त्याची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली ती २०१८ मध्ये, आणि तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर आला होता. मासा गळाने पकडून परत सोडणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी संशोधक एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. निळ्या परांचा पाहुणा वाढत गेला आणि घरचा मालक हरवत गेला, असे त्यांत स्पष्ट दिसते. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी यांचाही त्यात वाटा आहे.

म्हणूनच दरवर्षी १० जुलैच्या मत्स्यशेतकरी दिनाला नदीत बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, सोडण्याचे सोहळे होतात, तेव्हा मला काळजी वाटते. हा दिवस १९५७ मध्ये ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले, त्याची आठवण आहे. तेही सरकारी शास्त्रज्ञच. त्यांच्या तंत्राने देशभरची तळी भरली आणि गरिबाच्या ताटात मासा आला. पण तळे भरणे आणि नदी वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. तळ्यात किती लाख बीज सोडले याचा हिशेब पुरतो. नदीत मात्र कोणती जात, कुठून आणलेली, ती इथलीच आहे का आणि तिला अंडी घालायला तळ शिल्लक आहे का, हे आधी विचारावे लागते.

या प्रश्नांची उत्तरे द्यायला पावसाळ्यात नदीकाठी उभा राहून एकच मासा वर्षानुवर्षे पाहणारा माणूस लागतो. त्याला पगार, वेळ आणि प्रयोगशाळा देणे हे सरकारचे काम आहे, कारण पन्नास वर्षांनी फळणाऱ्या कामात दुसरे कोणी सहसा पैसे घालत नाही. महाराष्ट्राला असा माणूस एकदा लाभला होता. मत्स्यव्यवसाय खात्याला असे आणखी जीवशास्त्रज्ञ मिळाले पाहिजेत, आणि बोटुकल्यांच्या आकड्यांबरोबर नदीच्या तळाचाही अहवाल दरवर्षी लोकांसमोर आला पाहिजे.