उन्हाळी नांगरट आणि जुन्या ट्रॅक्टरचा ताप

एप्रिल-मे महिन्यांत रब्बीची रानं मोकळी होतात आणि नांगरटीची घाई सुरू होते. विदर्भ-मराठवाड्यात याच दिवसांत पारा ४२ अंशांच्या वर चढतो. जमीन कडक, नांगर खोल आणि वरून ऊन; अशा वेळी जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन हमखास तापते. वेळीच ओळखले तर तासाभराचा खोळंबा होतो. दुर्लक्ष केले तर गॅस्केट जळते, हेड वाकते आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर मिस्तरीच्या दारात उभा राहतो.

डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिचा साधारण तिसरा हिस्साच कामी येतो. उरलेली धुरावाटे आणि रेडिएटरमधल्या पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. हवाच तापलेली असली की पाणी लवकर निवत नाही. त्यात रेडिएटरची जाळी भुसकटाने बुजलेली, पंख्याचा पट्टा सैल आणि आत खाऱ्या पाण्याचा थर असला, मग इंजिन तापणारच.

सकाळी इंजिन गार असताना एवढे बघा :

१. रेडिएटरमध्ये पाणी पुरेसे आहे का? क्षाराचे पाणी टाळा. कूलंट पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच मिसळा.

२. जाळी पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारून धुवा. फार जोराची धार नको, पाती वाकतात.

३. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा. अर्ध्या इंचाहून फार जास्त दबला तर ताणून घ्या.

४. रबरी नळ्या आणि टोपीचे रबर चिरलेले असल्यास बदला.

काम चालू असताना प्रत्येक वळणावर काट्याकडे नजर टाका. बहुतेक इंजिनांत ८० ते ९५ अंश ठीक समजावेत. अर्धा तास काम करूनही काटा हलला नाही, तर तो बंद आहे. दुरुस्त करून घ्या. आणि एक लक्षात असू द्या : पाणीच संपले तर काटा खालीही येऊ शकतो. म्हणून ट्रॅक्टरची ओढ कमी झाली किंवा जळका वास आला, तर काट्यावर विसंबू नका. इंजिन लगेच बंद करा.

काटा लाल पट्ट्याकडे निघाला तर नांगर उचला, ट्रॅक्टर उभा करा आणि इंजिन चार-पाच मिनिटे मंद चालू द्या. फिरते पाणी उष्णता वाहून नेते. वाफ निघत असेल, पाणी गळत असेल किंवा काटा उतरत नसेल, तर मात्र ताबडतोब बंद करा.

टोपीला हात लावू नका, बरं का! आतले पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर गेलेले असते. टोपी सैल होताच ते वाफेसकट उसळते आणि तोंड, हात भाजतात. निदान पाऊण तास थांबा, मग टोपीवर जाड गोणपाट टाकून ती हळूहळू फिरवा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, बिडाचे हेड तडकते.

शक्यतो पहाटे आणि उन्हे उतरल्यावर नांगरट करा. ट्रॅक्टर मुलगा किंवा गडी चालवत असेल, तर त्याला हा कागद वाचून दाखवा. टोपीजवळ पहिला हात त्याचाच जातो.