हिरव्या ठिपक्याची उलटतपासणी

लेखमाला : पेशीचा एकुलता केस — लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण प्राथमिक सिलियमची ओळख करून घेतली. शरीरातल्या बहुतेक प्रकारच्या पेशींवर एकेकच असणारा हा तंतू जाडीला मायक्रोमीटरच्या जेमतेम पाव भाग आणि लांबीला काही मायक्रोमीटर असतो. तो स्वतः हलत नाही. बाहेरचे संदेश टिपतो. त्याच्या आत प्रथिनं तयार होत नाहीत. त्यामुळे बांधकामाचा सगळा माल पेशीतून आणून थेट टोकापर्यंत पोहोचवावा लागतो. ही ने-आण १९९३ मध्ये येल विद्यापीठात, जोएल रोझेनबॉम यांच्या प्रयोगशाळेत, कीथ कोझमिन्स्की यांना क्लॅमिडोमोनस या शैवालाच्या कशाभिकांमध्ये, म्हणजे सिलियमसारख्याच शेपट्यांमध्ये, दिसली. माल वाहणाऱ्या प्रथिनांच्या ताफ्यातलं एक म्हणजे आयएफटी८८. नावातला आकडा शैवालातल्या या प्रथिनाच्या किलोडाल्टनमधल्या वजनावरून पडला.

या प्रथिनाचं महत्त्व २००० मध्ये ठळक झालं. अमेरिकेतल्या ओक रिज इथे उंदरांचा एक वाण होता. त्यांची मूत्रपिंडं द्रवाच्या गाठींनी भरून जात. त्यांच्यात बिघडलेलं जनुक आयएफटी८८चंच असल्याचं ग्रेगरी पॅझूर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्या उंदरांच्या मूत्रपिंडांतल्या सिलियांची लांबी नेहमीपेक्षा कमी भरली. शैवालाच्या शेपटीचा अभ्यास असा मूत्रपिंडाच्या आजाराला येऊन भिडला.

मग साहजिकच हे प्रथिन पेशीत नेमकं कुठे असतं, ते पाहायचं ठरतं. त्यासाठी लागतं प्रतिपिंड. मानवी आयएफटी८८चा शुद्ध केलेला तुकडा सशाला टोचतात. सशाची प्रतिकारशक्ती त्याला परकं समजते आणि काही आठवड्यांत त्याच्या रक्तात त्या तुकड्याला चिकटणारी प्रतिपिंडं तयार होतात. रक्तद्रवातून ती वेगळी काढली की कुपीत भरायला तयार.

प्रयोगाआधी पेशींना २४ ते ४८ तास सीरमविना, म्हणजे वाढीला चालना देणाऱ्या रक्तद्रवाविना, ठेवतात. विभाजनात गुंतलेली पेशी आपला सिलियम मोडून टाकते. सीरम तोडलं की विभाजन थांबतं आणि सिलियम उगवतो. मग फॉर्माल्डिहाइडने किंवा थंड मिथेनॉलने पेशी जागच्या जागी गोठवायच्या. फॉर्माल्डिहाइड वापरलं असेल तर प्रतिपिंड आत शिरावं म्हणून पेशीपटलाला सौम्य डिटर्जंटने भोकं पाडायची आणि सशाचं प्रतिपिंड सोडायचं. ते स्वतः चमकत नाही, म्हणून त्यावर दुसरं, बकरीकडून मिळवलेलं प्रतिपिंड घालतात. हे सशाची प्रतिपिंडं ओळखतं आणि त्याला हिरवा चमकणारा रंग जोडलेला असतो. सिलियमचा कणा दिसावा म्हणून त्यातल्या ट्युब्युलिनला वेगळ्या प्रतिपिंडाने लाल रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली लाल रेघ दिसते, तिच्या बुडाशी हिरवा दाट ठिपका, टोकाला आणि मधे थोडे फिकट कण.

चित्र देखणं असतं, आणि धोका तिथेच आहे. प्रतिपिंड कुठे चिकटलं एवढंच ते सांगतं. ते आयएफटी८८लाच चिकटलं, की त्याच्यासारखा पृष्ठभाग असलेल्या दुसऱ्या कुठल्या प्रथिनाला, हे वेगळं तपासावं लागतं.

नेहमीची कसोटी सोपी आहे. ज्या पेशींतून ते जनुक काढून टाकलं आहे, त्यांवर हाच प्रयोग करायचा. खूण नाहीशी झाली तर प्रतिपिंड खरं. आयएफटी८८च्या बाबतीत मात्र ही कसोटी चकवते. हे प्रथिन नसेल तर सिलियमच उभा राहत नाही. मग सिलियममधली कोणतीही खूण जाणारच, प्रतिपिंड भलत्याच प्रथिनाला चिकटणारं असलं तरी. घरच पाडलं तर खिडकीत कोणी दिसणार नाही, पण काल खिडकीत उभा होता तो अमुकच, हे त्यावरून कसं ठरणार?

म्हणून नजर सिलियमच्या बुडाकडे न्यावी लागते. तिथले सेंट्रिओल, म्हणजे सिलियम ज्यावरून उगवतो ते खुंट, सिलियम नसतानाही शाबूत असतात आणि आयएफटी८८ तिथे एरवीही जमलेलं असतं. तेव्हा तुलना अशी लावायची : एकीकडे भरपूर सीरम मिळाल्याने सिलियम मोडून बसलेल्या निरोगी पेशी, दुसरीकडे जनुक काढलेल्या पेशी. सिलियम दोन्हींकडे नाही. पहिल्यांत सेंट्रिओलपाशी हिरवा ठिपका दिसला आणि दुसऱ्यांत दिसला नाही, तर साक्षीला वजन येतं.

जोडीला वेस्टर्न ब्लॉट हवा. पेशींतली प्रथिनं वजनानुसार वेगळी केली की अपेक्षित जागी पट्टा दिसायला हवा, आणि जनुक काढलेल्या पेशींत नेमका तोच गायब असायला हवा. पण ब्लॉटमध्ये प्रथिनाची घडी उलगडलेली असते, गोठवलेल्या पेशीत बरीचशी टिकलेली. एका ठिकाणी उत्तम चालणारं प्रतिपिंड दुसरीकडे निकामी ठरू शकतं. कधी तर मिथेनॉलऐवजी फॉर्माल्डिहाइड वापरल्यानेही ठिपका हरवतो. म्हणून २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने नेचर मेथड्समध्ये सुचवलं, की प्रतिपिंडाची पारख ज्या वापरासाठी ते घ्यायचं त्याच वापरात व्हावी. प्रथिनाच्या वेगळ्या भागाला चिकटणारं दुसरं प्रतिपिंड तेच चित्र दाखवतं का, हीही त्यांनी सुचवलेली एक कसोटी.

शोधनिबंधात हिरव्या ठिपक्याचं छायाचित्र दिसलं की आता शेजारचं चित्रही शोधा : जनुक काढलेल्या पेशीचं. ते नसेल तर निष्कर्ष थोडा राखूनच वाचावा.

गोठवलेल्या पेशीत दिसते ती एका क्षणाची स्थिती. माल वर चढताना आणि रिकामा ताफा खाली येताना जिवंत पेशीत कसा पाहतात, ते पुढच्या लेखांकात.