आकाशांतील मंत्रयुद्धाचा निवाडा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवतीं बसून खेळावयाचा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं रचिला आणि १९७४ सालीं तो प्रसिद्ध झाला. यांत प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो, सूत्रधार बाकीच्या जगाचा कारभार पाहतो, आणि जेथें यशापयश अनिश्चित असेल तेथें वीस पैलूंचा फासा कौल देतो. या खेळांत वादाचा एक प्रसंग हटकून येतो. शत्रुपक्षाचा मांत्रिक आकाशांत उडत आहे, आपला मांत्रिक जमिनीवर उभा आहे, आणि दोघांची झुंज लागली आहे. तिचा निवाडा कसा करावा?

पुष्कळांस वाटतें कीं, ज्याचा मंत्र बलवत्तर त्याचा जय. परंतु २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तीचे नियम पाहिले म्हणजे कळून येतें कीं, बळाच्या आधीं अंतराचा हिशेब करावा लागतो.

समजा, शत्रु ८० फूट उंचीवर आहे आणि त्याच्या बरोबर खालची जागा आपल्यापासून ६० फुटांवर आहे. काटकोन त्रिकोणाच्या नियमानें दोघांमधील सरळ अंतर १०० फूट भरतें. दुसऱ्याचा मंत्र उच्चारतांच हाणून पाडणारा ‘काउंटरस्पेल’ ६० फुटांपलीकडे पोंचत नाहीं. लागू झालेला मंत्र उतरविणारा ‘डिस्पेल मॅजिक’ मात्र १२० फुटांपर्यंत पोंचतो. म्हणजे या मधल्या पट्ट्यांत उभें राहून आपण शत्रूचा उड्डाणमंत्र उतरविला, तर काउंटरस्पेलनें त्याला तो अडवितां येत नाहीं. उड्डाणमंत्र तिसऱ्या पायरीचा असल्यास तो फासा न टाकतांच मोडतो.

आधार सुटला कीं मांत्रिक कोसळतो. दर १० फुटांस सहा पैलूंचा एक फासा, या हिशेबानें ८० फुटांस आठ फासे. सरासरी इजा २८. ‘फेदर फॉल’ मंत्रानें तो अलगद उतरूं शकेल. पण एका फेरींत प्रत्युत्तराची संधि एकच, आणि ती आधींच खर्चिली असेल तर उपाय खुंटला.

दुसरा मार्ग एकाग्रता भंगविण्याचा. बाण लागून ३० इजा झाली, तर तिच्या निम्मे, म्हणजे १५ गुण त्याला फाशावर मिळवावे लागतात. इजा कितीही थोडी असो, १० तरी हवेतच. ड्रॅगन मात्र पंखांनीं उडतो. तेथें उतरविण्यास मंत्रच नसल्यामुळें डिस्पेल मॅजिक व्यर्थ ठरतो.

महिनोन्महिने जोपासलेलें पात्र अशा एका निवाड्यानें मरूं शकतें. म्हणून सूत्रधारानें उंची, अंतर आणि चौकटींच्या पटावर तिरपें मोजण्याची रीत, हीं तिन्ही फासा हातीं घेण्यापूर्वीं सर्वांस सांगावीं. फासा पडल्यावर उंची ठरविली, तर हरलेल्या खेळाडूस तो न्याय वाटणार नाहीं, आणि पुढच्या बैठकीस तो येईलच असा भरंवसाहि धरतां येणार नाहीं.