तिजोरीच्या दारातली सत्तावीस माणसं

मुंबई महापालिकेच्या स्थायी समितीत एखादा प्रस्ताव मंजूर व्हायला किती वेळ लागतो? अध्यक्ष विषय क्रमांक पुकारतात, कुणाचा हात वर होत नाही, 'मंजूर' असा शब्द उमटतो आणि पुढचा क्रमांक येतो. काही सेकंदांत काही कोटींचं काम मार्गी लागलेलं असतं. त्याच बैठकीत दुसऱ्या एखाद्या विषयावर तासभर खडाजंगी होते. हरकतीचा मुद्दा येतो, उपसूचना येते, अतिरिक्त आयुक्तांना उत्तर द्यायला उभं केलं जातं, विरोधक सभात्याग करतात आणि शेवटी प्रस्ताव राखून ठेवला जातो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात या भांडणाची बातमी असते. सेकंदात मंजूर झालेल्या विषयांची बहुतेक वेळा नसते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी उभारलेल्या आणि १८९३ मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीत ही समिती बसते. महापौरांच्या खुर्चीला मान मोठा, पण पैशाच्या व्यवहारात वजन स्थायी समितीच्या अध्यक्षांचं. म्हणूनच पालिकेत सत्ता आली की पक्षांमधली खरी रस्सीखेच महापौरपदाइतकीच या अध्यक्षपदासाठी होते. यात नवल नाही. २०२२-२३ चा पालिकेचा अर्थसंकल्प ४५,९४९ कोटी रुपयांचा होता. २०२५-२६ मध्ये तो ७४,४२७ कोटींवर गेला.

खर्चाच्या तंट्यातून जन्म

या समितीचं मूळ एका जुन्या खर्चाच्या तंट्यात आहे. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार 'जस्टिस ऑफ द पीस' मंडळींच्या सभेकडे आणि पूर्णवेळ आयुक्ताकडे दिला. आर्थर क्रॉफर्ड हे त्या व्यवस्थेतले पहिले आयुक्त. माणूस धडाडीचा होता. रस्ते, गटारं, सफाई, मंडया अशी कामं त्यांनी झपाट्याने काढली. ज्याला आज आपण महात्मा फुले मंडई म्हणतो आणि जुने मुंबईकर अजून क्रॉफर्ड मार्केट म्हणतात, ती १८६९ ची. पण त्याच सुमारास कापसाच्या तेजीचा फुगा फुटून शहर कंगाल झालं होतं. करांचा बोजा वाढत होता आणि आयुक्तांच्या हाताला अडवणारं कुणी नव्हतं. जस्टिसांची सभा मोठी आणि विस्कळीत होती. खर्च होऊन गेल्यावर ती चर्चा करी.

१८७१ मध्ये करदात्यांचा रोष उफाळला. आयुक्ताचे अधिकार काढून ते एखाद्या मंडळाकडे द्यावेत, अशी मागणी जोर धरू लागली. तेव्हा पंचविशीच्या आसपासचे बॅरिस्टर फिरोजशहा मेहता यांनी वेगळी बाजू मांडली. कारभार चालवायला एकच जबाबदार अधिकारी हवा, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या सभेचा वचक हवा, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी, १८७२ च्या कायद्याने, ६४ सदस्यांची महापालिका आली. त्यातले निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे होते. हिशेबावर नजर ठेवायला बारा जणांची 'टाउन कौन्सिल' नेमली गेली. १८८८ च्या कायद्याने तिचं रूपांतर स्थायी समितीत केलं. तो कायदा घडवताना विधिमंडळात मेहतांबरोबर काशिनाथ त्र्यंबक तेलंगही होते. मुंबई महापालिका आजही त्याच १८८८ च्या कायद्यावर चालते. दुरुस्त्या असंख्य झाल्या, पण मूळ रचना तीच राहिली. आयुक्त खर्चाचा प्रस्ताव आणतो आणि समिती परवानगी देते.

१९९८ मध्ये राज्य सरकारने ही रचना मोडून पाहिली. 'मेयर इन कौन्सिल' पद्धत आणून महापौर आणि त्याच्या मंडळाच्या हाती कारभार दिला. वर्षभरात तो प्रयोग गुंडाळावा लागला आणि स्थायी समिती आपल्या जागी परत आली.

आयुक्तांचं पत्र ते 'मंजूर'

प्रस्तावाचा प्रवास खात्यातून सुरू होतो. अभियंता अंदाजपत्रक तयार करतो, निविदा निघते, सर्वांत कमी बोलीचा ठेकेदार ठरतो. ठराविक रकमेच्या वरचं कंत्राट आयुक्त स्वतःच्या सहीने देऊ शकत नाहीत. त्यासाठी त्यांचं पत्र चिटणीस खात्यामार्फत स्थायी समितीच्या विषयपत्रिकेवर येतं. समितीची बैठक आठवड्यातून एकदा व्हावी, असं कायदाच सांगतो.

सराईत सदस्य पत्रात तीन गोष्टी आधी पाहतो. ठेकेदाराची बोली पालिकेच्या अंदाजापेक्षा किती वर किंवा किती खाली आहे, बोली लावणारे किती होते, आणि हे नवं काम आहे की जुन्याच कामाचा वाढीव खर्च. बोली फार खाली असेल तर काम निकृष्ट होणार किंवा पुढे 'फेरफार' दाखवून पैसे वसूल होणार, ही शंका. फार वर असेल तर संगनमताची शंका. वादाचा सर्वांत मोठा भाग मात्र 'आयत्या वेळच्या विषयां'चा. शेवटच्या क्षणी आलेलं पत्र वाचायलाच वेळ मिळत नाही, म्हणून विरोधक ओरडतात. सभागृहाची मुदत संपत आली की अशा विषयांचा ढीग लागतो, हे पालिकेचं वार्तांकन करणारा कुठलाही बातमीदार सांगेल.

प्रस्तावापुढे वाटा तीन. मंजूर, परत, किंवा राखीव. 'राखून ठेवणे' ही यातली सर्वांत गूढ वाट. कधी तिच्यामागे खरा अभ्यास असतो. सदस्य जागेवर जाऊन पाहणी करतात, प्रशासनाकडून खुलासा मागवतात, दर खाली येतो. कधी मात्र विरोधाचा आवाज एका आठवड्यात कसा निवळला, याचं उत्तर कागदावर सापडत नाही. 'टक्केवारी' हा शब्द मुंबईच्या रस्त्यावर इथूनच गेला, असं लोक मानतात. २०१६ मध्ये ३४ रस्त्यांच्या सुमारे ३५२ कोटींच्या कामांची चौकशी होऊन अभियंत्यांना अटक झाली. ती कामंही रीतसर प्रक्रियेतून गेलेली होती.

खुर्च्यांचा हिशेब

समितीत २७ सदस्य. त्यातले २६ पालिका सभागृह निवडतं, शिक्षण समितीचा अध्यक्ष पदसिद्ध येतो. निम्मे सदस्य दरवर्षी १ एप्रिलला निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कुणी जायचं, हे सोडतीने ठरतं. पुणे, नाशिक किंवा नागपूर अशा इतर शहरांत सोळा जणांची समिती असते आणि तिथेही निम्मे सदस्य असेच दरवर्षी बदलतात. एकाच टोळक्याच्या हाती तिजोरीची किल्ली राहू नये, हा त्यामागचा साधा विचार. पक्षांनी त्यातून वाट काढली. निवृत्त झालेल्याचीच पुन्हा नेमणूक करता येते. मागच्या सभागृहात एकच अध्यक्ष सलग चार वर्षं खुर्चीवर राहिले.

कुणाच्या किती खुर्च्या, हे 'तौलनिक संख्याबळा'वर ठरतं. म्हणजे सभागृहात पक्षाचे जितके नगरसेवक, त्या प्रमाणात समितीत जागा. २०१७ च्या निवडणुकीत २२७ पैकी शिवसेनेला ८४ आणि भाजपला ८२ जागा मिळाल्या, तेव्हा प्रत्येक नगरसेवकाला समित्यांच्या भाषेत भाव आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मनसेचे सातपैकी सहा नगरसेवक शिवसेनेत गेले. बातम्यांमध्ये ते पक्षांतर होतं. चिटणीस खात्याच्या दृष्टीने तो समित्यांच्या गणिताचा प्रश्न होता.

त्या सभागृहाने खुर्च्यांवरून दोन वाद न्यायालयापर्यंत नेले. २०१७ मध्ये भाजपने विरोधी पक्षनेतेपद नाकारलं होतं. आम्ही 'पहारेकरी' राहू, असं त्यांनी जाहीर केलं आणि ते पद काँग्रेसच्या रवी राजा यांच्याकडे गेलं. राज्यातली युती तुटल्यावर २०२० मध्ये भाजपने प्रभाकर शिंदे यांच्यासाठी ते मागितलं. महापौर किशोरी पेडणेकर यांनी मागणी फेटाळली आणि उच्च न्यायालयानेही एकदा सोडलेलं पद असं परत मागता येत नाही, अशी भूमिका घेतली. दुसरा वाद भाजपचे नामनिर्देशित नगरसेवक भालचंद्र शिरसाट यांच्या स्थायी समितीतल्या जागेचा. लोकांनी न निवडलेला सदस्य तिजोरीच्या समितीत कसा, हा सत्ताधाऱ्यांचा आक्षेप. समितीने त्यांचं सदस्यत्व काढलं, उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दोन्ही प्रकरणांत तत्त्वाची भाषा झाली. पण दोन्हींच्या मुळाशी एकच व्यवहार होता. खर्चाच्या बैठकीत प्रश्न विचारायला कोण बसणार आणि किती जण बसणार?

भांडणारं कुणी नसतं तेव्हा

भांडण नेहमी मोठ्या रकमेचंच होतं असं नाही. राणीच्या बागेत २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यातला एक काही महिन्यांतच मेला आणि तेव्हापासून पेंग्विन हा पालिकेतला कायमचा विषय झाला. २०२१ मध्ये त्यांच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी सुमारे १५ कोटींची निविदा निघाली, तेव्हा विरोधकांनी सत्ताधाऱ्यांना धारेवर धरलं. सत्ताधाऱ्यांनी पेंग्विनमुळे बागेचं उत्पन्न वाढल्याचा हिशेब पुढे केला. हजारो कोटींच्या रस्त्यांपेक्षा पंधरा कोटींच्या पक्ष्यांवर जास्त बोललं गेलं, हे खरं. तरीही दोन्ही बाजूंना आकडे घेऊन उभं राहावं लागलं.

७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक लांबत गेली. प्रभागरचना आणि आरक्षणाच्या वादात मुंबई जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हाती राहिली. १९८४-८५ नंतर शहराला हा अनुभव नवा होता. आयुक्तच प्रशासक झाल्यामुळे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ५२,६१९ कोटींचा अर्थसंकल्प आयुक्तांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने प्रशासक असलेल्या आयुक्तांनाच सादर केला.

याच काळात सुमारे ४०० किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करण्याची ६,०८० कोटींची कंत्राटं दिली गेली. आक्षेप आला तो पत्रकार परिषदेत आणि आयुक्तांना लिहिलेल्या पत्रांतून. शहर भागातल्या ठेकेदाराचं कंत्राट पुढे कामच न झाल्याने रद्द करावं लागलं. पदपथांवरची बाकं आणि तत्सम वस्तू घेण्याचा २६३ कोटींचा प्रस्तावही आरोपांच्या गदारोळात मागे पडला. भांडणं थांबली नव्हती. फक्त ती ज्या खोलीत आणि ज्या इतिवृत्तात व्हायची, ती जागा बंद होती.

पण म्हणून समिती असली की सगळं स्वच्छ, असंही म्हणता येत नाही. मार्च २०२० मध्ये कोविडच्या तोंडावर याच स्थायी समितीने आयुक्तांना तातडीच्या खर्चाचे मोकळे अधिकार दिले आणि त्यानंतर काही महिने तिच्या बैठकाच झाल्या नाहीत. मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडलेल्या 'कॅग'च्या विशेष अहवालाने नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातल्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांवर बोट ठेवलं. २१४ कोटींची कामं निविदेविना दिली गेली आणि ४,७५५ कोटींच्या कामांत ठेकेदारांशी करारच झाले नाहीत, असं त्यात नोंदलं आहे. त्या काळाचा बहुतेक भाग निवडून आलेल्या सभागृहाचा होता. समिती तिथेच होती, पण योग्य प्रश्न योग्य वेळी विचारला गेला नाही.

यातून या यंत्राचं मोल आणि मर्यादा दोन्ही कळतात. स्थायी समिती भ्रष्टाचार थांबवत नाही. पैशाच्या प्रत्येक निर्णयाशी ती काही नावं जोडते. कुणी हरकत घेतली, कुणी उपसूचना मांडली, कुणी आठवडाभराने गप्प बसलं, हे इतिवृत्तात उतरतं आणि पाच वर्षांनी मतदाराला ते विचारता येतं. प्रशासकाच्या सहीला मतपेटीत जाब विचारता येत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये मुंबईची निवडणूक झाली. महापौर कोण, याची चर्चा भरपूर होते. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला मात्र एक प्रश्न जरूर विचारा. तुमच्या पक्षाने स्थायी समितीत कुणाला पाठवलं आणि आपल्या रस्त्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी तोंड उघडलं का? उत्तर लेखी मागा.