टिथोनिया: बांधावरचं खत

पश्चिम केनियात शेतांच्या बांधावर डोक्याहून उंच वाढणारं, पिवळ्याधमक फुलांचं झुडूप दिसतं. ते टिथोनिया, म्हणजे मेक्सिकन सूर्यफूल. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. लोक त्याला शोभेचं समजतात, पण त्याची खरी किंमत पाल्यात आहे. वाळल्या पाल्यात सुमारे ३.५ टक्के नत्र, ०.३७ टक्के स्फुरद आणि ४ टक्क्यांच्या आसपास पालाश. कोवळा पाला गाडला की भराभर कुजतो, त्यामुळे उभ्या मक्याला वेळेत लागू पडतो.

आता कुणी म्हणेल, हे कडधान्य नाही, मुळांवर नत्राच्या गाठी नाहीत, मग खत आलं कुठून? बांधाच्याच मातीतून. इथली अन्नद्रव्यं तिथे गेली, नवी तयार झाली नाहीत, हे मान्यच. पण बांधात पडून असलेला स्फुरद पिकाच्या मुळाशी आला, हे काय कमी? खरी अडचण मजुरीची. ओल्या पाल्यात बहुतेक पाणीच, वाहता वाहता कंबर मोडते. म्हणून मक्याच्या मोठ्या रानापेक्षा भाजीच्या वाफ्यांना तो जास्त परवडतो. लागवड सोपी, फांदीचा तुकडा खोचला तरी फुटतो. आणि हीच त्याची खोड. दक्षिण आफ्रिकेत ते उपद्रवी तण ठरलंय. तेव्हा बी धरण्याआधी छाटा आणि ओढ्याकाठी लावूच नका.