वेग पाण्यावरचा, हिशेब इंचांचा

पंधरा-सोळा फुटांची हलकी फायबरची बोट, मागे टांगलेले आउटबोर्ड इंजिन आणि ध्यास एकच : ताशी आणखी चार-पाच किलोमीटर! अमेरिकेतील तळ्यांवर हा छंद जोपासणारे अनेक आहेत. त्यासाठी दरवेळी मोठे इंजिन लागते असे नाही. आहे तेच नीट बसवावे लागते.

पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट. म्हणून बोटीचा जितका कमी भाग पाण्यात, तितका अडथळा कमी. वेग वाढला की तळाखालचे पाणी बोटीला वर उचलते आणि ती पाण्यावरून घसरू लागते. याला ‘प्लेनिंग’ म्हणतात. अशा वेळी इंजिनाचा पाण्यात बुडालेला खालचा भागच मोठा अडथळा ठरतो. म्हणून ‘जॅक प्लेट’ लावून इंजिन थोडेथोडे वर घेतात. मात्र ते फार वर गेले तर पंख्याची पकड सुटते. शिवाय इंजिन थंड ठेवणारे पाणी आत घेणारी छिद्रे उघडी पडून इंजिन तापते. त्यामुळे पाण्याचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे लक्ष हवेच.

पंख्याचा हिशेब सोपा आहे. एका फेऱ्यात पंखा सैद्धांतिकदृष्ट्या जितका पुढे जातो, तो त्याचा ‘पिच’. पिच २४ इंच, इंजिनाचे मिनिटाला ६,००० फेरे आणि गिअरचे प्रमाण १.७५ असेल, तर कागदावरचा वेग ताशी सुमारे १२५ किलोमीटर. पाण्यात पंखा थोडा घसरतोच. ही घट १० टक्के धरली तर प्रत्यक्षात ११२ किलोमीटर मिळतात.

तिसरी गोष्ट ‘ट्रिम’, म्हणजे इंजिनाचा कोन. इंजिनाचा खालचा भाग बोटीपासून दूर झुकवला की नाळ वर उठते, वेग वाढतो. पण अति झाले की बोट उड्या मारू लागते किंवा डावी-उजवीकडे डुलू लागते. नाळ आणखी उचलली गेली तर खाली शिरलेली हवा बोट उलटवते. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधील कॉनिस्टन सरोवरावर डोनाल्ड कॅम्पबेल यांची ‘ब्लूबर्ड’ अशीच हवेत उलटली आणि त्यांचा अंत झाला. ती बोट जेट इंजिनाची होती, पण हवेचे नियम सर्वांना सारखेच.

म्हणून एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत नोंदवावा आणि मगच पुढे जावे. लाइफ जॅकेट आणि ‘किल स्विच’ची दोरी अंगावर हवीच. चालक पाण्यात फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडते. नाहीतर सुकाणूविना गोल फिरणारी बोट त्याच्याच अंगावर येऊ शकते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालील बहुतेक मोटरबोटींना हा नियम सक्तीचा आहे.

चाचणीची जागाही मोकळीच हवी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या समुद्रात इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, हे आपण विसरू नये.